एप्रन कोण घालणार

"चला रे, एप्रन!"

भट्टीच्या खोलीतून आजोबांची हाक आली, तशी सुनेने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि हात पुसत ती आत गेली.

ही हाक महिन्यातून एकदा यायची, शनिवारी दुपारी. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच पावातला तुकडा खायचा, आणि मेजावरचा पाव याच भट्टीतून जायचा. आजोबांच्या आईच्या वेळेपासून जात होता. त्या पावाचं पीठ कोणीही भिजवावं, हरकत नव्हती. पण ते लाकडी काथवटीत फुगून वर आलं, की हाताने वळून त्याचा पाव करायचा तो एकाच माणसाने, खिळ्यावरचा पांढरा एप्रन घालून. एप्रन कोणी घालायचा, याचा नियमही आजोबांच्या आईने घालून दिला होता. ज्याचं आठवडाभर कोणाशी भांडण नाही, अबोला नाही, त्यानेच. बाकीच्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं. बाई मोठी कडक होती. तिच्या स्वतःच्याच गळ्यात तो एप्रन दर महिन्याला कसा काय पडायचा, हे विचारायची छाती मात्र त्या काळी कोणाची झाली नाही.

ती गेल्यावर एप्रन आत्याकडे आला. आत्या ही आजोबांची पाठची बहीण. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. घरातले लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. "हिला भांडायला हक्काचा नवरा नाही, म्हणून हिचा एप्रन कोरा," असं आजोबा म्हणायचे, आणि आत्या नाक वर करून एप्रनच्या नाड्या बांधायची.

आज मात्र आत्या खिळ्याकडे गेलीच नाही. मैद्याच्या पोत्यावर बसून राहिली.

"आत्या, पीठ वर आलंय," सून म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग उठा की."

"मी नाही घालणार. तुमच्यापैकी कोणीतरी घाला."

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. तो पावाची व्हॅन चालवायचा. आत्ता तो छताकडे बघत होता. गुरुवारपासून दोघांत एक शब्द नव्हता. याच पावासाठी बाजूला काढलेलं चांगल्या मैद्याचं पोतं त्याने भलत्याच हॉटेलात उतरवलं होतं. आणि 'चुकलं' म्हणायच्या आधी 'तू नीट सांगितलं नव्हतंस' असं म्हणाला होता. त्या वाक्यावर सून अजून धुमसत होती. तेव्हा या दोघांची नावं आपोआप कटली.

"चिऊ?" आजोबा म्हणाले.

चिऊ, या दोघांची मुलगी, दाराला टेकून उभी होती. उद्या ती पहिल्यांदाच प्रभुभोजनाला बसणार होती, म्हणून या वेळची गडबड जरा जास्त होती.

"माझं आईशी भांडण झालंय," ती म्हणाली. "सकाळीच. बुटांवरून."

"ते काय भांडण!" सून म्हणाली. "मी एवढंच म्हटलं, की असले बूट घालून देवाच्या दारात जायचं म्हणजे..."

"बघा, अजून चालूच आहे."

आजोबांकडे कोणी बघितलं नाही. ते कित्येक वर्षांत एप्रनच्या हिशेबातच नव्हते.

"म्हणजे तूच राहिलीस," आजोबा बहिणीला म्हणाले. "उगीच नखरे करू नकोस. पीठ कोणासाठी थांबत नसतं."

"माझंही भांडण झालंय, दादा."

"तुझं? कोणाशी?"

"चर्चच्या पाळकांशी," आत्या म्हणाली.

तिचा भाचा, सुनेचा नवरा, फिस्सकन हसलाच. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला आपले शाळेतले दिवस आठवले आणि त्याने तोंड मिटलं.

"हसायला काय झालं? पोरीच्या पेपरवर फुली मारली त्यांनी," ती म्हणाली. "प्रभुभोजनाआधी त्यांच्या वर्गाची परीक्षा असते ना, त्यात. सगळी उत्तरं बरोबर, एकच चूक. प्रश्न काय, तर प्रभूच्या मेजाजवळ कोणी यावं? हिने लिहिलं, जो लायक आहे त्याने. त्यावर ही एवढी लाल फुली!"

"आत्या, तुम्ही खरंच गेलात विचारायला?" चिऊने कपाळाला हात लावला.

"जाणार नाही तर काय? म्हटलं, हे चूक कसं? मग काय नालायकांनी यावं? तर म्हणाले, बाई, बसा, चहा घ्या. मी म्हटलं, चहा नको, गुण हवेत."

"मग?" सून म्हणाली. नवऱ्याशी अबोला आहे हे विसरून तिने हसू दाबत त्याच्याकडे एकदा बघूनही घेतलं.

"मग म्हणाले, बाई, लायक माणसं जमवायची ठरवली तर ते मेज रिकामंच राहील, आणि माझीही खुर्ची तिथून उचलावी लागेल. तिथे बसायला मिळतं ते कृपेने. ती कमवता येत नाही. मी म्हटलं, मी जन्मभर पोरांना शिकवलं की गुण कमवावे लागतात. तर म्हणतात, हो, शाळेत." आत्याने श्वास घेतला. "मग मी जरा जास्त बोलले."

"म्हणजे काय बोललीस?" आजोबांनी विचारलं.

"म्हटलं, तुम्हाला साधी बेरीज-वजाबाकी येत नाही."

आता मात्र सगळेच हसले. आत्या हसली नाही. पाळकांनी शेवटी जे विचारलं होतं, ते तिने यांना सांगितलं नव्हतं. तिला दारापर्यंत सोडायला येताना ते सहज म्हणाले होते, "बाई, तो एप्रन तुम्ही घालता ना, तेव्हा काय वाटतं तुम्हाला?" आणि चारचौघांत कधी न अडखळणाऱ्या आत्याला उत्तर देता आलं नव्हतं. काय वाटतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तेव्हापासून तिला स्वतःची लाज वाटत होती.

तिने दादाकडे बघितलं. भट्टीच्या तोंडाशी उभा राहून तो निखारे सारखे करत होता. पाव वळताना बाकीचे हात मागे बांधायचे, ते महिन्यातून एक दिवस. याने स्वतःचे हात कायमचेच बांधून घेतले होते.

ते याच खोलीत झालं होतं. वडिलांना पुरून सगळे घरी आले, आणि पाठोपाठ दोघा भावांची जुंपली. धाकट्याला विजेची भट्टी हवी होती, यंत्रावर पाव करायचा होता. दादाला तो विषय त्या दिवशी निघाला याचाच संताप आला. "चालता हो," तो म्हणाला होता. "या भट्टीचा पाव तुला पुन्हा मिळायचा नाही." उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण प्रभूच्या मेजावर जायचा तो पावही याच भट्टीचा, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. ते आलं पुढच्या प्रभुभोजनाला. ताट समोर आलं तेव्हा धाकट्याने हात मांडीवरून उचलला नाही. दादाने ते बघितलं आणि ताट तसंच पुढे सरकवलं. त्या दिवसापासून दोघांपैकी एकानेही त्या पावाला तोंड लावलं नव्हतं.

धाकट्याने पुलापलीकडे आपलं दुकान थाटलं. चर्चमध्ये तो एका टोकाला बसायचा, दादा शेवटच्या बाकावर. आणि ताट जवळ यायला लागलं, की दादा "भट्टी बघून येतो" म्हणून बाहेर पडायचा. रविवारी भट्टी थंड असते, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. "आधी लायक होतो, मग बसतो," असं तो एकदा बायकोला म्हणाला होता. त्यासाठी त्याने काय नाही केलं? रोज सकाळी दवाखान्यात गरम पाव पाठवले. दारात आलेल्याला कधी उपाशी परतवलं नाही. भट्टीवरच्या गड्यांची मजुरी कधी थकवली नाही. फक्त पूल ओलांडून पलीकडे गेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

आणि आज जेवताना चिऊने सांगून टाकलं होतं, "उद्या आजोबा माझ्या शेजारी बसले नाहीत, तर मीसुद्धा घेणार नाही." आजोबा अर्ध्या जेवणावरून उठून भट्टीकडे निघून गेले होते.

दुकानाच्या दारावर टकटक झाली. चिऊ दाराकडे धावली. कोण असणार, हे तिला एकटीलाच माहीत होतं. काल शाळेतून येताना ती पूल ओलांडून गेली होती. "येतो" असं काही तिला कबूल झालं नव्हतं. "बघू" एवढंच ऐकायला मिळालं होतं.

दारात धाकटे आजोबा उभे होते. भांग ओला, शर्ट इस्त्रीचा, आणि दोन्ही हातांत एक मोठा खोका.

"आत घेतेस, की इथूनच परत धाडतेस?" ते म्हणाले.

चिऊ त्यांना घेऊन भट्टीच्या खोलीत आली. आत्या पोत्यावरून उठली, पुन्हा बसली. सुनेने एक स्टूल पुढे केलं. आजोबांनी भावाच्या तोंडाकडे न बघता खोक्याकडे बघितलं.

"ते काय आहे?"

"पाव."

"भट्टीवाल्याच्या घरी पाव घेऊन आलास?"

"रिकाम्या हाताने कसा येऊ?"

"त्याला पाव म्हणतात? कापूस आहे तो. दाबला की दबलेलाच राहतो. वर मीठ कमी."

"खाऊन बघितल्यासारखं बोलतोस!"

"रोज बघतो," आजोबा म्हणाले, आणि जीभ चावली.

आजोबांचा मुलगा पुन्हा छताकडे बघायला लागला.

"अस्सं!" सून कमरेवर हात ठेवून नवऱ्याला म्हणाली. "म्हणून व्हॅनमध्ये काकांच्या दुकानाच्या पिशव्या सापडतात! आणि मला सांगता, वाऱ्याने उडून आल्या?"

"बाबांनीच सांगितलं होतं," नवरा म्हणाला. "कोणाला बोलू नकोस म्हणाले."

धाकट्या आजोबांनी खोका हळूच खाली ठेवला. घरून निघताना त्यांनी बरंच काही घोकून ठेवलं होतं. त्यातलं आता एक अक्षर आठवेना. आपण याच्या भट्टीचा पाव सोडला, आणि हा आपला पाव रोज खात बसला.

"दादा," ते म्हणाले, "मी तो राग कधीच सोडलाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, माफी मागितली होती कोणी?"

आजोबांनी जरा विचार केला. "म्हणालोच असतो," ते म्हणाले.

चिऊला वाटलं, झालं, मिटलं. ती टाळी वाजवणार तेवढ्यात आजोबांनी मान हलवली.

"तू राग सोडलास, तो तुझा चांगुलपणा. त्याने माझ्यात काय फरक पडला? बाबांना पुरून आलो, हातांची माती धुतली नव्हती, आणि सख्ख्या भावाला मी भरल्या ताटावरून उठवलं. तेही कुठल्या ताटावरून, तर प्रभूच्या." त्यांनी दांड्याने निखारे उगीच ढवळले. "मी तिथे कोणत्या तोंडाने बसू? मला लायक होऊ दे. मग बसतो."

"कधी होणार?" चिऊने विचारलं.

ती उलट बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"म्हणजे मी थांबते, आजोबा. आईला मी सकाळी काय काय बोलले, ते तुम्ही ऐकलं नाहीत. मीही लायक नाहीये. तुम्ही झालात की मला हाक मारा. आपण बरोबरच जाऊ."

भट्टीत किती वेळ, कोणता पाव, हे आजोबांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण हा पाव कधी तयार होणार, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आपण कधीच होणार नाही, असं त्यांना आज पहिल्यांदा वाटलं, आणि त्याहून जास्त, ही पोर आपल्यासाठी जन्मभर थांबून राहील याची भीती वाटली.

"दादा, आता माझं ऐक," आत्या पोत्यावरून उठली. "मी इतकी वर्षं तो एप्रन घालतेय. घालून मला काय वाटायचं, सांगू? तुम्ही सगळे हात मागे बांधून उभे, आणि मी एकटीच स्वच्छ. मला फार बरं वाटायचं. महिनाभर मी त्या शनिवारची वाट बघायचे. तू मागे उभा असायचास, आणि मला तेही बरं वाटायचं. आता सांग, तुझ्यापेक्षा मी काय लायक?"

"मला वाटायचंच," तिचा भाचा पुटपुटला. सुनेने त्याला कोपर मारलं. गुरुवारनंतर तिने त्याला लावलेला तो पहिला हात होता.

"मग पाव वळणार कोण?" तो बरगडी चोळत म्हणाला.

"मी तर नाहीच," आत्या म्हणाली. "माझं आत्ताच ऐकलंत."

"तुझा गर्व, आत्या, पण घर मोडलं ते माझ्या जिभेने," आजोबा म्हणाले.

"आणि मी नव्हतो का हट्टाला पेटलो?" धाकटे आजोबा म्हणाले. "बाबांना पुरलं त्याच दिवशी भट्टीचा विषय कोणी काढला? मी. एवढं कळत नव्हतं मला?"

"ते लहानपण होतं तुझं."

"लहान कुठला! तेव्हा मला मिशा होत्या."

"पोतं मी घालवलं," सुनेचा नवरा म्हणाला, "आणि खापर हिच्या डोक्यावर फोडलं."

"म्हणालात एकदाचं!" सून म्हणाली. "पण मीही दोन दिवस मुद्दाम तुमच्या डब्यात काल-परवाचे पाव दिले."

"तरीच!"

एरवी या घरात जो तो आपलं नाक वर धरायचा. आज आपल्यापेक्षा वाईट कोणी नाही, यावर चढाओढ लागली. कोणी माघार घेईना. आत्या तर गणित सोडवावं तशी बोटांवर मोजून मुद्दे मांडत होती.

"बाबा!" सून ओरडली. "पीठ!"

सगळे वळले. पिठाने ओलं फडकं डोक्यावर घेतलं होतं, ते काथवटीच्या कडेवरून बाहेर आलं होतं, टेबलावर पसरलं होतं आणि आता एका कोपऱ्यातून जमिनीवर उतरत होतं. भट्टीवाल्यांच्या घरात पीठ उतू गेलं होतं, तेही तीन पिढ्या समोर उभ्या असताना.

"बघत काय राहिलात? हात लावा!" आजोबा गरजले.

कामावरच्या गड्यांना ते असंच ओरडायचे, आणि या हाकेला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. पुढच्या क्षणी सगळ्यांचे हात पिठात होते. चिऊने कोपरापर्यंत बाह्या सारल्या. आत्याने टेबलावरून ओघळणारं पीठ ओंजळीत धरलं आणि परत काथवटीत लोटलं. आजोबांनी भट्टीचा दांडा टाकून दिला. धाकट्या आजोबांचा इस्त्रीचा शर्ट पांढरा झाला. सून हाताला लागेल ते कापड ओढून गुडघ्यांवर बसली आणि जमीन पुसायला लागली. निम्मी जमीन पुसून झाल्यावर त्या कापडाच्या नाड्या तिच्या पायात अडकल्या.

तिने खाली बघितलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

"अगं बाई," ती म्हणाली. "एप्रन."

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्याने चिकट हात वर धरून त्या मळक्या लगद्याकडे बराच वेळ बघितलं.

"पूस आता," ती म्हणाली. "अर्धवट ठेवू नकोस."

मग जो हशा पिकला, तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला असावा.

पीठ दाबून पुन्हा गोळा केलं, तेव्हा चिऊचं लक्ष दोघा आजोबांच्या हातांकडे गेलं. एक टेबलाच्या या बाजूला, एक त्या बाजूला. दोघंही पीठ तसंच दुमडत होते, तसंच फिरवत होते, आणि शेवटी जोडावर अंगठ्याने एक दाब देत होते.

"तू अजून अंगठा मारतोस?" आजोबांनी विचारलं.

"यंत्राला कुठला अंगठा?" धाकटे आजोबा म्हणाले. "पण घरच्यापुरता करतो, तेव्हा मारतो. बाबांनी टपली मारून शिकवलंय, विसरेन कसा?"

भट्टीतून पाव बाहेर आला, तो एका बाजूला कललेला आणि डोक्यावर उभा तडकलेला. आत्याने त्याला सगळीकडून निरखलं. "हा ठेवायचा मेजावर?" ती म्हणाली.

"पुन्हा भिजवू," आजोबा म्हणाले. "मैदा आहे."

"आणि वळणार कोण?" चिऊने विचारलं.

आजोबांनी एकेकाकडे बघितलं. मग त्यांनी तो वाकडा पाव स्वच्छ फडक्यात गुंडाळला.

रविवारी ते नेहमीसारखे शेवटच्या बाकावर जाऊन बसले. रात्रभर विचार करूनही त्यांचं काही ठरलं नव्हतं. मुलगा आणि सून येऊन डाव्या बाजूला बसले. चिऊची जागा पहिल्या बाकावर होती, नव्याने प्रभुभोजनाला बसणाऱ्या मुलांबरोबर. पण उपासना सुरू झाल्यावर ती तिथून उठली आणि सगळ्यांच्या देखत मागे येऊन आजोबांच्या उजव्या बाजूला बसली. तिच्या पायांत तेच बूट होते. आईने पॉलिश करून दिलेले. पाळकांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तिच्या मागोमाग धाकटे आजोबा त्यांच्या टोकावरून उठून आले.

"सरक," ते भावाला म्हणाले, आणि त्याच्या आणि चिऊच्या मधे बसले.

पाळकांनी मेजावरचं फडकं उचललं. पावाकडे बघून ते क्षणभर थांबले.

"याला बरेच हात लागलेले दिसतात," ते म्हणाले. पहिल्या बाकावरून आत्या खोकली. पाळकांनी पाव हातांत घेतला, उपकारस्तुती केली आणि तो मोडला.

या चर्चमध्ये ताट बाकावरून हातोहात पुढे जायचं. ज्याच्या हातात ताट, त्याने शेजाऱ्याला द्यायचं. एकेक बाक मागे सरकत ते यायला लागलं, तसे आजोबांचे पाय सवयीने उठायला लागले.

"जरा भट्टी..." ते पुटपुटले.

"थंड आहे," पलीकडून चिऊ म्हणाली.

ते बसले. ताट सुनेने नवऱ्याला दिलं. त्याने घेतलं आणि ते बाबांपुढे धरलं. आजोबांनी पाव उचलला नाही, पण ताट मात्र दोन्ही हातांत घेतलं. आता ते पुढे सरकवायचं, एवढंच. ते पूर्वी एकदा केलं होतं. शेजारी धाकट्याचे हात मांडीवर होते, त्या दिवशी होते तसेच. नखांत कालचं पीठ राहिलं होतं.

"घे," आजोबा म्हणाले.

धाकट्याने हात हलवला नाही. "या भट्टीचा आहे," तो हळूच म्हणाला. "मला मनाई आहे." तो चिडवत होता, पण त्याचे डोळे भरले होते.

"मी चुकलो रे," आजोबा म्हणाले. कित्येक वर्षं त्यांना हे एवढंच म्हणायचं होतं. "घे तू."

धाकट्याने एक तुकडा उचलला. मग त्याने ताट भावाच्या हातांतून काढून घेतलं. ते चिऊकडे न देता त्याने पुन्हा भावासमोरच धरलं.

"आता तू."

"मी अजून लायक..."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "घे."

आजोबांनी त्याच्याकडे बघितलं. पलीकडे चिऊ हात पुढे करून थांबली होती. तिला घाई नव्हती. पहिल्या बाकावरून आत्या मान वळवून बघत होती. उपासनेत मागे वळून बघणाऱ्यांना ती जन्मभर दटावत आली होती. आजोबांनी हात उचलला आणि तडकलेल्या बाजूचा एक तुकडा घेतला.

पाव जरा आंबट झाला होता. पीठ जास्त वेळ राहिलं की होतोच. आजोबांना ते कळलं, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी येऊ दिलं. मग ताट चिऊपुढे गेलं, आणि तिने आजोबांकडे बघत बघत आपला तुकडा घेतला.

उपासना संपली. दारात पाळकांनी आत्याला अडवलं. "बाई, त्या फुलीचं काय करू या?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या," आत्या म्हणाली. "पण चहा घेईन मी."

बाहेर पायऱ्यांवर सगळे घुटमळत होते. आजोबांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि घराच्या दिशेने चालायला लागले.

"आता कुठे निघालात?" चिऊने विचारलं.

"भट्टी बघायला."

"थंड आहे ना?"

"म्हणूनच पेटवायला हवी. एवढी माणसं जेवायला, आणि त्या खोक्यात नुसता कापूस."

धाकट्या आजोबांनी बाह्या वर सारत त्यांना गाठलं.

"पेटवायचं तू बघ," ते म्हणाले. "पिठाकडे मी बघतो. तुझं उतू जातं."